ताटाची कड

पुण्यात रस्त्यात कोणी ओळख दिली नाही, तर त्याच्या डोळ्यांना काही झालं असेल असं कोणाच्या मनात येत नाही. माणूस माजलाय, एवढंच म्हणतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंना असंच म्हणत. भाजीवाल्याकडे समोरासमोर आल्या तरी बोलत नाहीत, जिन्यात बाजूने जातात आणि बघतसुद्धा नाहीत. पुढे त्यांचं वय दिसायला लागलं, तेव्हा माज हा शब्द गेला आणि लोक म्हणू लागले की त्या विसरतात. माजापेक्षा हे वाईट. माजलेल्या माणसाला कोणी घरातून हलवत नाही.

स्वारगेटच्या मागे आमची तीन मजली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक माझं, एक त्यांचं. तिकडे त्या आणि मोठे भाऊजी, इकडे मी एकटी. माझे यजमान जाऊन बराच काळ झाला. मी चौथीपर्यंत शाळा शिकले, पुढे एका खाणावळीत पोळ्या लाटल्या, गुडघे बोलायला लागले तेव्हा सोडलं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

त्या वर्षी मार्गशीर्षात गुरुवार पाच आले. पाचव्या गुरुवारी अमावस्या, आणि वर सूर्यग्रहण. लक्ष्मीचा घट मांडणाऱ्या बायकांची पंचाईत झाली. उद्यापन आणि सवाष्णींचं हळदीकुंकू चौथ्या गुरुवारी उरकायचं, की ग्रहण सुटल्यावर पाचव्या गुरुवारी संध्याकाळी करायचं? जाऊबाईंनी भाऊजींना विचारलं. भाऊजींना कमी ऐकू येतं. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "कमी गोडाचा कर." चहाबद्दल विचारलं असं त्यांना वाटलं. मग जाऊबाईंनी स्वतःच चौथा गुरुवार ठरवला.

त्या हळदीकुंकवालाच सगळं बिघडलं.

बायका पॅसेजमध्ये ओळीने उभ्या होत्या. जाऊबाई एकेकीला हळदीकुंकू लावून हातात केळं देत होत्या. तळमजल्यावरच्या वहिनी नेमक्या तेव्हा डबा परत द्यायला वर आल्या. त्यांचे यजमान दिवाळीत गेले होते. पुढे जायला वाट नव्हती, म्हणून त्या भिंतीला टेकून थांबल्या. जाऊबाई ओळीने आल्या, वहिनींच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात केळं ठेवलं आणि पुढे सरकल्या. पुढचीच्या तर नाकावर कुंकू लावलं.

त्या वहिनींना कळेना, पुसायचं की राहू द्यायचं. डबा तसाच हातात घेऊन त्या खाली गेल्या.

मग जिन्यात सुरू झालं.

"अहो, तेराव्याला ह्याच वाढायला होत्या की!"

"आठवत नसेल. वय झालं."

"नाकावर कुंकू लावतं का कोणी? डोकं चालत नाही त्यांचं."

मी म्हटलं, "कपाळ तिचं. तिला चालत असेल तर तुमच्या पोटात का दुखतंय?" माझं बोलणं इमारतीत कोणाला आवडत नाही, पण ऐकून घेतात.

दुसऱ्या दिवशी मी त्या वहिनींकडे गेले. त्या म्हणाल्या, "कुंकवाचा राग नाही आला हो मला. पण ह्यांच्या आजारपणात महिनाभर त्यांनी मला डबा दिला. आणि आता मला ओळखतच नाहीत. ते लागलं."

त्याच्या पुढच्याच रविवारी पुतण्या आला. म्हणजे जाऊबाईंचा मुलगा. बाणेरला राहतो, कंपनीत आहे, दर रविवारी येतो. त्या दिवशी आईला भेटून तो माझ्याकडे आला आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. मी भाजी निवडत होते.

म्हणाला, "काकू, आई मला आपण म्हणाली."

"काय?"

"बेल वाजवली, तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, कोण हवंय आपल्याला?"

चाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्याचं तोंड शाळेतून मार खाऊन आल्यासारखं झालं होतं. आईने मारलं तर मुलगा विसरतो. आपण म्हणाली तर कसं विसरेल?

त्याने चौकशी करून ठेवली होती. वाघोलीच्या पुढे एक ठिकाण आहे, विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तिथे ठेवून घेतात. स्वच्छ आहे, नर्स असतात, दार बंद असतं म्हणून कोणी हरवत नाही.

"आणि भाऊजी?"

"बाबा आमच्याकडे."

"म्हणजे एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. मधे सगळं पुणं."

"काकू, टोमणे नका मारू. उद्या गॅस चालू ठेवून ती झोपली तर?"

गुरुवारची रजा घेतली आहे, त्या दिवशी तिथे दाखवायला नेतो, बॅग बरोबर घेऊ, त्यांनी म्हटलं तर तशीच राहील, असं तो म्हणाला. आईला त्याने चार दिवस हवापालट असं सांगितलं होतं.

जाऊबाई मला म्हणाल्या, "धाकटे, हवापालटाला कोणी सगळ्या साड्या भरत नाही. मी विसरत असेन, पण खुळी नाही."

"विसरता का खरंच?"

त्यांनी तांदळाच्या ताटात बोटं फिरवली. "मलाच कळत नाही गं. मोतीबिंदू काढले, डॉक्टर म्हणाले आता लख्ख दिसेल. दिसतंही. जमिनीवर पडलेला केस दिसतो मला. मग माणसंच का ओळखू येत नाहीत? डोळे तर नवे केलेत. म्हणजे डोकंच गेलं असणार."

त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं.

बुधवारी पेपरात मोठ्या अक्षरात आलं, कंकणाकृती सूर्यग्रहण. मी मोठी अक्षरं वाचते. बारीक वाचायला चष्मा शोधावा लागतो, आणि इतकं महत्त्वाचं काही बारीक अक्षरात असत नाही असं माझं मत होतं. मी इमारतभर सांगितलं, उद्या सकाळी आकाशात सोन्याची बांगडी दिसणार, गच्चीवर या. ग्रहण पाळणाऱ्या बायका नाक मुरडत होत्या, पण बांगडी म्हटल्यावर नरम पडल्या. माझा हेतू वेगळा होता. हळदीकुंकवानंतर जाऊबाई दाराबाहेर पडल्या नव्हत्या. जायचंच असेल तर तोंड लपवून जाऊ नये, चार बायकांत उभं राहून जावं, एवढंच मला वाटत होतं.

सकाळी थंडी होती आणि ढगही. गच्चीवर बायका शाली गुंडाळून उभ्या. जाऊबाई ग्रहण पाळतात, सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या, तरी माझ्या आग्रहाने वर आल्या. मी चहा पिऊन गेले होते. मला साखरेचा आजार आहे, आणि तो ग्रहणात सुट्टी घेत नाही. पुतण्या पाण्याच्या टाकीजवळ गाडीची किल्ली हातात फिरवत उभा होता.

तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते. यवतमाळची, कम्प्युटरवर काम करते. तिच्याकडे ग्रहण बघायचा काळा चष्मा होता, पुठ्ठ्याचा. ती सगळ्यांना बजावत होती, "चष्म्याशिवाय वर पाहायचं नाही बरं, ढग असले तरी नाही. डोळा जळते." ढग सरकले की एकेकीला ती चष्मा लावून देई.

पहिल्या बाईने बघितलं आणि म्हणाली, "अहो, ही तर कोयती आहे."

"बघू." दुसरीने बघितलं. "काकू, बांगडी कुठाय?"

"फुटली वाटतं."

"पुण्यात देतात का कुठे अख्खी? अर्धीच मिळायची."

सगळ्या हसल्या. मी चष्मा ओढून घेतला. खरंच, सूर्य खालून उजवीकडून खाल्लेला आणि वर डाव्या अंगाला जाडसर कोर उरलेली. दिसायला चांगलं होतं, पण बांगडी नव्हती. नंतर ती कोर आणखी बारीक झाली, उन्हाचा रंग पातळ ताकासारखा झाला, कावळे गप्प झाले. वेळ साडेनऊची, पण ऊन संध्याकाळी पडतं तसं. आणि मग ढग पुन्हा आले.

ढग सरकल्यावर जाऊबाईंची पाळी आली. मुलीने त्यांच्या डोळ्यांवर चष्मा धरला.

"काळंच आहे सगळं," त्या म्हणाल्या.

"आजी, समोर पाहा. एकदम समोर."

"समोरच बघतेय. काही नाहीये."

मग त्यांनी कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी केली. "हां. आता दिसली कोर. वर आहे, डावीकडे." मान सरळ केली. "गेली."

ऊन तर पडलेलं होतं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पुतण्याने किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "चल आई, निघू या." तो आवाज मी विसरणार नाही. रागाचा नव्हता. संपल्याचा होता.

आम्ही खाली जाऊबाईंच्या घरी आलो, ती मुलगीही बरोबर आली. जाऊबाईंची बॅग दाराजवळ होती. त्या म्हणाल्या, ग्रहण सुटलं की अंघोळ करते, मग निघू. पुतण्या खुर्चीवर बसून वाट बघायला लागला. मला बांगडीचा राग होता, आणि खरं सांगायचं तर त्या बॅगेचाही होता. तो राग मी त्या मुलीवर काढला.

"पेपरवाले खोटं छापतात का गं?"

"खोटं नाही आजी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं ना, पुण्यातून खंडग्रास दिसेल म्हणून."

"मग ते मोठ्या अक्षरात का नाही लिहीत? पेपर पुण्याचा आहे ना?"

ती हसली आणि म्हणाली, थांबा, दाखवते. ग्रहणामुळे ओट्यावर काही शिजत नव्हतं, पाण्याच्या हंड्यावर तुळशीची पानं होती, भांडी घासून पालथी होती. तिने एक स्टीलचं ताट भिंतीला टेकवून उभं केलं. एक वाटी घेतली. मला समोर स्टुलावर बसवलं, एक डोळा मिटायला सांगितलं, आणि ताटाच्या आणि माझ्या मधे वाटी धरली.

"ताट म्हणजे सूर्य, वाटी म्हणजे चंद्र. काय दिसते?"

"ताटाची नुसती कड. गोल."

"हीच बांगडी. आता तुम्ही बसून आहात केरळात, तमिळनाडूत. बरोब्बर समोर. आता स्टूल थोडं बाजूला घ्या."

मी सरकले. वाटी ताटाच्या एका अंगाला गेली आणि दुसरीकडे कोर उरली.

"हे पुणं," ती म्हणाली.

"आणि सगळा सूर्य का झाकला जात नाही तिकडे?"

"चंद्र आज लांब आहे आजी. लांबची वस्तू लहान दिसते. हे पाहा." तिने वाटी माझ्या डोळ्याजवळ आणली. सगळं ताट गेलं. "जवळ असता तर असं झालं असतं, खग्रास. लांब आहे म्हणून मधलं झाकते, कड राहते."

मला कळलं. चौथीत मास्तरांनी हातात वाटी घेतली असती तर तेव्हाच कळलं असतं. जाऊबाई मागे टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "या, तुम्ही पण बसा केरळात."

त्या स्टुलावर बसल्या. मुलगी वाटी घ्यायला वळली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "लाव की वाटी."

"लावते, आजी."

"लावलीस की. मधलं दिसत नाहीये."

मुलीचा हात रिकामा होता. वाटी ओट्यावर होती.

जाऊबाईंनी मान तिरकी करून आमच्याकडे बघितलं. "काय झालं? मला नेहमी असंच दिसतं. ताटात काय वाढलंय ते बाजूला बघितलं की कळतं. ह्यात काय नवल?"

पुतण्या उठून आत आला. मुलगी त्यांच्यासमोर वाकली आणि एकेक डोळा झाकून खिडकीकडे बघायला सांगितलं. गज सरळ आहेत का? "कडेचे सरळ आहेत. मधले वाकलेत, आणि एका डोळ्याने मधे गजच नाहीत." मुलगी पुतण्याला म्हणाली, "दादा, ह्यांच्या डोळ्याचा पडदा कोणी पाहिला का? मोतीबिंदू काढल्यावर पुन्हा गेल्या नसतील."

पुतण्या आईसमोर उकिडवा बसला. "आई, माझं तोंड दिसतंय?"

"कान दिसतात. केस पांढरे झालेत बाजूने. कॉलर दिसते. तोंड नाही दिसत." मग म्हणाल्या, "बरेच दिवस नाही दिसलं."

"मग ओळखतेस कशी?"

"बोलतोस ना! त्या दिवशी बोललास का? मुक्यासारखा उभा राहिलास दारात."

"मी फोनवर होतो. कानात लावलेलं होतं, पलीकडचा बोलत होता."

"मला काय माहीत? दोन खांदे आणि एक पिशवी. कुरिअरवाला वाटला."

"म्हणून आपण म्हणालीस?"

"मग कुरिअरवाल्याला अरे-तुरे करायचं का?"

तो तिथेच फरशीवर बसला आणि हसायला लागला, आणि मग ते हसणं नव्हतं. मी त्या मुलीला म्हटलं, चल, गच्चीवर शाल राहिलीय माझी. शाल माझ्या अंगावरच होती. काही गोष्टी माणसांना एकटं असतानाच करू द्याव्यात.

ग्रहण सुटल्यावर जाऊबाईंनी अंघोळ केली, आणि ते दोघं गेले ते वाघोलीला नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पडद्याचा मधला भाग झिजला आहे. एका डोळ्याचं आता काही होणार नाही. दुसऱ्यात इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवता येईल. कडेचं दिसत राहील, पूर्ण अंधार होणार नाही. आनंदाने पेढे वाटावेत असं ह्यात काही नव्हतं. पण जाऊबाई परत आल्या त्या ताठ मानेने. जिना चढता चढता मोठ्याने म्हणाल्या, "धाकटे, डोकं शाबूत आहे गं. डोळेच गेलेत." अशी बातमी इतक्या खुशीत सांगणारं माणूस मी तरी दुसरं बघितलं नाही.

बॅग रिकामी झाली. भाऊजींना सगळं ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले, "म्हणजे हिला दिसत नाही आणि मला ऐकू येत नाही. मग कोणाला कुठे पाठवायचं होतं?" आणि पेपर उघडला.

मी तळमजल्यावर जाऊन त्या वहिनींना वाटी आणि ताट घेऊन सगळं समजावलं. मग बाकीच्या मजल्यांवरही समजावलं, कोणी विचारलं नसताना. त्या वहिनी त्याच संध्याकाळी वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मी आहे हो, तळमजल्यावरची." जाऊबाईंनी त्यांचा हात धरून आत नेलं. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी दार ओढून घेतलं होतं. तेव्हापासून इमारतीत जाऊबाई दिसल्या की माणूस आधी बोलतो. काही जण तर इतक्या मोठ्याने बोलतात, जणू त्या बहिऱ्या आहेत. त्यावर त्या म्हणतात, "ते आमच्या ह्यांच्यासाठी राखून ठेवा."

पुढच्या उन्हाळ्यात साथ आली आणि सगळं बंद पडलं. स्वारगेटला एस्टी नाही, रस्त्यावर माणूस नाही. जाऊबाईंच्या डोळ्याची इंजेक्शनं चुकली आणि होतं त्यातलं आणखी थोडं गेलं. ते खरंच आहे, लपवायचं कशाला? पण ज्याच्या त्याच्या तोंडावर फडकं आलं आणि सगळी इमारत त्यांच्या पंगतीला येऊन बसली. जिन्यात दोन माणसं समोर आली की नुसती बघत राहत, कोण म्हणून. जाऊबाई मात्र आतून सांगत, कोण चढतंय, कोण उतरतंय. त्यांचा सराव आधीच झाला होता.

जूनमध्ये पुन्हा सूर्यग्रहण आलं. पुन्हा कंकणाकृती. ह्या वेळी मी आधी चष्मा शोधला आणि बारीक अक्षरं वाचली. बांगडी तिकडे उत्तरेला, पुण्यात खंडग्रास. मी कोणाला गच्चीवर बोलावलं नाही. बोलावून काय उपयोग, आभाळ भरलेलं होतं. रविवार होता. मी दार उघडं टाकून बसले होते, तर जिन्यावरून एक माणूस आला. तोंडाला फडकं, डोक्यावर टोपी, हातात औषधांची पिशवी. माझ्याकडे बघत उभा राहिला, बोलेना. दोन जिने चढून दम लागला होता बहुतेक.

मी विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

समोरच्या दारातून जाऊबाईंचा आवाज आला, "अगं, आपलाच आहे तो. चपला घासत चालतो, लहानपणापासून सांगतेय. ये रे, आधी हात धू."

पुतण्याने माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्हीसुद्धा?"

"तोंडाला वाटी लावून येशील तर काय ओळखणार?" मी म्हटलं. "जा आत. आई वाट बघतेय."